मुंबईचा ध्वनी आणि नवापूरचे आकाश : फिरत्या गुप्त प्रक्षेपकाच्या श्राव्यतेचा ऐतिहासिक विचार

१

१९४२ च्या आंदोलनाच्या इतिहासात मुंबईच्या काँग्रेस रेडिओचा उल्लेख नाही असा ग्रंथ विरळाच. ह्या गुप्त केंद्राची हकीकत बहुधा धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु धाडसाचे वर्णन करताना एक साधा प्रश्न मागे पडतो : जे प्रक्षेपित झाले ते कोठे कोठे ऐकू गेले? केंद्र मुंबईत होते. ते साऱ्या देशाला उद्देशून बोलत होते. म्हणून देशाने ते ऐकले, असा आपल्या अनुमानाचा नेहमीचा क्रम असतो. त्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये आकाश आहे, ह्याचा विसर पडतो. लघुलहरींच्या प्रक्षेपणात आकाश हे केवळ माध्यम नसते. कोणाला ऐकू द्यावयाचे आणि कोणाला नाही हे ठरविणारा तो एक पक्षच असतो.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका ठरावीक ठिकाणाच्या संदर्भात केला आहे. ते ठिकाण म्हणजे नवापूर. १९४२ साली ते पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावरील हे गाव मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे २६५ किलोमीटरवर आहे. हे अंतर आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठे अडचणीचे, आणि म्हणूनच उपयुक्त आहे. मुंबईच्या लहान प्रक्षेपकाचा जमिनीलगत जाणारा तरंग पोहोचण्यास ते फार लांब, आणि आकाशातून परावर्तित होऊन येणारा तरंग उतरण्यास ते फार जवळ. शिवाय खानदेश त्या वेळी आंदोलनाच्या ऐन भरात होता. नवापूरच्या ईशान्येकडील नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. काँग्रेस रेडिओचे नियमित प्रक्षेपण सुरू होऊन त्या दिवशी तेरा दिवस झाले होते. तेव्हा मुंबईचा हा ध्वनी खानदेशात पोहोचत होता काय, हा प्रश्न केवळ तांत्रिक कुतूहलाचा नाही.

२

प्रथम केंद्राची हकीकत थोडक्यात पाहू. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी विल्सन महाविद्यालयात शिकलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी ह्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र चालविण्याचे ठरविले. यंत्र उभारण्याचे काम नरीमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञाने केले. शिकागो रेडिओ ह्या मुंबईच्या प्रसिद्ध व्यवसायाचे नानक मोटवाने ह्यांचे साहाय्य मिळाले, आणि भूमिगत राममनोहर लोहिया ह्यांचे मार्गदर्शन लाभले. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण होऊ लागले. आपण 'हिंदुस्थानात कोठून तरी' बोलत आहोत, एवढाच पत्ता निवेदनात दिला जाई.

हिंदुस्थानी व इंग्रजी अशा दोन भाषांत बातम्या व भाषणे होत. चिमूर व आष्टी येथील अत्याचारांची, जमशेदपूरच्या संपाची आणि चितगावावरील बाँबहल्ल्याची वार्ता ह्या केंद्राने दिली. आरंभी सकाळी व सायंकाळी आणि पुढे सायंकाळीच, असा कार्यक्रमाचा क्रम होता. पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर असल्याने प्रक्षेपक एका जागी फार दिवस ठेवणे शक्य नव्हते. चौपाटी, लॅबर्नम रस्ता, गिरगाव, सँडहर्स्ट रस्ता अशी बिऱ्हाडे बदलत ते अखेरीस महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात गेले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, कार्यक्रम चालू असतानाच तेथे धाड पडली. खटल्याचा निकाल १९४३ साली लागला. बाबूभाई खाकर ह्यांना पाच वर्षांची, उषा मेहता ह्यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी ह्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता ह्यांनी पुढे विल्सन महाविद्यालयात व मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केले. त्यांचे निधन ११ ऑगस्ट २००० रोजी झाले.

३

ह्या हकीकतीतील ४२.३४ मीटर हा आकडा इतिहासाचे साधन म्हणून फारसा कोणी वापरलेला दिसत नाही. प्रकाशाच्या वेगाला ह्या तरंगलांबीने भागले असता ७.०८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता येते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशी नभोवाणी-चालकांसाठी जे कंप्रता-पट्टे राखून ठेवले त्यांत ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सामान्य भाषेत चाळीस मीटरचा पट्टा, हा एक होता. काँग्रेस रेडिओची कंप्रता ह्या पट्ट्यात नेमकी बसते.

हा योगायोग मानण्याचे कारण नाही. हिंदुस्थानात हौशी चालकांची परंपरा १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात सुरू झाली, आणि मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ साली कार्यक्रम प्रक्षेपित केले. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ साली, सर्व हौशी परवाने स्थगित झाले. नरीमन प्रिंटर हे ह्याच हौशी वर्तुळातील होते. परवाने स्थगित झाले तरी हातातले कसब, सुटे भाग आणि सवयीची कंप्रता ही स्थगित होत नाहीत. तेव्हा ४२.३४ मीटर ही तरंगलांबी म्हणजे त्या यंत्रावर उमटलेला हौशी कारागिरीचा ठसा होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. राजकीय संघटनेने केंद्र चालविले, पण त्याची तांत्रिक कुळी हौशी चालकांची होती. आणि त्या कुळीची सामर्थ्ये व मर्यादा दोन्ही केंद्राच्या वाट्याला आल्या.

४

आता आकाशाकडे वळू. पृथ्वीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेचे आयनीभवन होऊन जे आवरण तयार होते त्यास आयनांबर म्हणतात. अशा परावर्तक थराची कल्पना १९०२ साली केनेली व हेव्हिसाइड ह्यांनी स्वतंत्रपणे मांडली. ॲपलटन ह्यांनी १९२४ साली सुरू केलेल्या प्रयोगांनी ती सिद्ध केली. आणि आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र ह्यांनी ह्या विषयाची संशोधनपरंपरा निर्माण केली. दूरच्या लघुलहरी प्रक्षेपणास आधार असतो तो ह्या आवरणातील सर्वांत वरच्या, एफ नावाच्या थराचा. सरळ वर सोडलेला तरंग ज्या कमाल कंप्रतेपर्यंत हा थर परत पाठवू शकतो तिला त्या थराची क्रांतिक कंप्रता म्हणतात. तिरका तरंग मात्र अधिक कंप्रतेचा असला तरी परत येतो. जितका तिरकेपणा जास्त तितकी ही सवलत जास्त.

ह्या नियमाचा परिणाम व्यवहारबुद्धीच्या उलट आहे. थराची उंची ३०० किलोमीटर धरून गणित केले असता, मुंबईहून निघालेला ७.०८ मेगाहर्ट्झचा तरंग २६५ किलोमीटरवरील नवापुरी उतरण्यासाठी क्रांतिक कंप्रता निदान ६.५ मेगाहर्ट्झ असावी लागते. तोच तरंग सुमारे १,६५० किलोमीटरवरील कलकत्त्यास उतरण्यासाठी केवळ २.८ मेगाहर्ट्झ पुरते. आयनांबर दुबळे झाले की प्रथम जवळचे श्रोते गळतात. दूरचे टिकून राहतात. क्रांतिक कंप्रता ५ मेगाहर्ट्झवर आली तर मुंबईभोवती सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचे एक मूक वर्तुळ तयार होते. ह्या वर्तुळात मुंबई शहर व त्याचा परिसर एवढाच भाग भूतरंगामुळे बोलका राहतो. पुणे, सातारा, नाशिक, धुळे, नंदुरबार, नवापूर ही सर्व ठिकाणे मुकी होतात. सुमारे ७०० किलोमीटरवरील चिमूर मात्र वर्तुळाबाहेर राहते. म्हणजे चिमूरची बातमी चिमुरास ऐकू जावी आणि खानदेशास जाऊ नये, अशी ही परिस्थिती आहे.

आयनांबराचे बळ सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रावर अवलंबून असते. त्या काळातील चक्राचा उच्चांक एप्रिल १९३७ मध्ये आणि नीचांक फेब्रुवारी १९४४ मध्ये झाला. काँग्रेस रेडिओ सुरू झाला तेव्हा उच्चांक उलटून पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि केंद्र पकडले गेले त्यानंतर सव्वा वर्षाने नीचांक आला. दुसऱ्या शब्दांत, हे केंद्र सौरचक्राच्या उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात चालले. पाच वर्षांपूर्वी त्याच यंत्राला आकाशाची जी साथ मिळाली असती ती १९४२ साली मिळणे शक्य नव्हते.

तथापि येथे एक प्रतिकूल पुरावाही विचारात घेतला पाहिजे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर आयनांबर अपेक्षेपेक्षा दाट असते, हे ॲपलटन ह्यांनी १९४६ साली दाखवून दिले. ह्या दाट पट्ट्याचा उत्तरेकडील माथा भारतात साधारणपणे अहमदाबादच्या आसपास येतो, आणि सूर्यास्तानंतरही काही काळ त्याचा प्रभाव टिकतो. मुंबई व खानदेश ह्यांच्यामधील आकाश ह्या माथ्याच्या दक्षिण उतारावर आहे. त्यामुळे युरोपातील अक्षवृत्तांवरून बांधलेली अनुमाने येथे तशीच लागू करणे चुकीचे ठरेल. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासात ६.५ मेगाहर्ट्झची अट पुरी होणे ह्या प्रदेशात, विशेषतः शरद संपाताच्या सुमारास, अगदी संभवनीय आहे. जसजशी रात्र चढते तसतशी ती अट मोडत जाते. नवापूरच्या श्रोत्याला खिडकी होती. परंतु ती लवकर बंद होणारी होती.

५

ही खिडकी केव्हा बंद होत होती ह्याचा विचार करताना घड्याळाकडे पाहणे अगत्याचे आहे, कारण आकाश सूर्याप्रमाणे चालते आणि कार्यक्रम घड्याळाप्रमाणे. १ सप्टेंबर १९४२ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ युद्धकार्यासाठी एक तास पुढे नेण्यात आली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे काँग्रेस रेडिओ सुरू झाल्यानंतर पाचव्या दिवशी घड्याळ व सूर्य ह्यांचे नाते बदलले.

उदाहरणादाखल रात्री साडेआठची वेळ घेऊ. २७ ऑगस्ट रोजी मुंबईत सूर्यास्त सात वाजण्यास पाच मिनिटे असताना होतो. त्या दिवशी साडेआठ म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासाहून थोडे अधिक. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नव्या युद्धवेळेनुसार, सूर्यास्त आठ वाजण्यास दहा मिनिटांच्या सुमारास होऊ लागला. तेव्हा साडेआठ म्हणजे सूर्यास्तानंतर अवघी चाळीस मिनिटे. पुढे दिवस लहान होत गेले. १२ नोव्हेंबरला युद्धवेळेनुसार सूर्यास्त सातच्या सुमारास येतो, आणि साडेआठ म्हणजे पुन्हा सूर्यास्तानंतर दीड तास. सरकारने एका दिवसात दिलेला तास ऋतूने अडीच महिन्यांत परत घेतला.

ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, जवळच्या श्रोत्यांच्या दृष्टीने ह्या केंद्राचा सर्वांत अनुकूल काळ सप्टेंबरचा पूर्वार्ध हा होय. नंदुरबारचा गोळीबार ह्याच काळातला आहे. दोन, ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये ठरल्या वेळी कार्यक्रम लावूनही जर खानदेशातील श्रोत्याला काही ऐकू आले नाही, तर त्याने केंद्र बंद पडले असे समजणे स्वाभाविक होते. वस्तुतः केंद्र बोलत होते, आणि त्याच वेळी कलकत्त्याच्या बाजूला ते अधिक स्पष्ट ऐकू येणे शक्य होते.

६

दुबळ्या आकाशाखाली चालणाऱ्या फिरत्या यंत्रापुढे आणखी दोन अडचणी असतात. पहिली एरियलची. ४२.३४ मीटरसाठी अर्ध्या तरंगाइतकी तार टांगावयाची तर ती सुमारे २१ मीटर लांब लागते. मोकळ्या माळावर दोन झाडांना ती बांधता येते. गिरगावातील चाळीच्या गच्चीवर ती पाहणाऱ्याच्या नजरेत भरते. तार आखूड केली किंवा आडोशाला नेली की निघणारी शक्ती घटते. प्रत्येक स्थलांतरात ही मांडणी नव्याने करावी लागे. पकडले जाऊ नये म्हणून जे करावयाचे त्यानेच ऐकू जाण्याची शक्यता कमी व्हावी, असा हा पेच होता.

दुसरी अडचण तरंगलांबीची. सूर्य मंद असताना रात्री जवळच्या ठिकाणाशी बोलावयाचे असेल तर हौशी चालक चाळीस मीटर सोडून ऐंशी मीटरवर जातो, कारण अर्ध्या कंप्रतेचा तरंग दुबळे आकाशही परत पाठविते. मैदानात तंबू टाकून बसलेला आजचा चालक हेच करतो. गुप्त केंद्राला ही मोकळीक नव्हती. ४२.३४ हा आकडा हाच त्याचा एकमेव जाहीर पत्ता होता. तो बदलला तर श्रोता हरवणार. जागा बदलता येत होती, तरंगलांबी बदलता येत नव्हती. आणि खानदेशच्या श्रोत्यासाठी आवश्यकता होती ती नेमकी उलट. त्यातच सप्टेंबर-ऑक्टोबर हा परतीच्या पावसाचा व सायंकाळच्या गडगडाटाचा काळ. विजांमुळे ग्राहकयंत्रात होणारी खरखर क्षीण ध्वनीला सहज गिळून टाकते. नवापूरसारख्या ठिकाणी हे सर्व पार करून आलेला ध्वनी ऐकण्यास कोणाकडे तरी ग्राहकयंत्र असणे, तेही बहुधा बॅटरीवरचे, ही अट निराळीच.

७

ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू गोव्याच्या इतिहासात दिसते. नवापूरपासून नैर्ऋत्येस सुमारे १३० किलोमीटरवर असलेले सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. दादरा व नगर हवेलीच्या त्या मोहिमेत हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतूनच गोव्याच्या गुप्त नभोवाणीचा प्रक्षेपक सिद्ध झाला, असे तिच्या चालकांच्या कथनावरून कळते. वामन सरदेसाई व लिबिया लोबो हे तिचे प्रमुख चालक. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्यासोबत होते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे आल्बुकर्कच्या १५१० मधील गोवाविजयाच्या दिनांकालाच, आंबोलीच्या जंगलात एका मालमोटारीतून तिचा आवाज प्रथम उमटला. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला गेले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो ह्या दोघांनी अरण्यात सहा वर्षे काढली.

बाह्यतः ह्या केंद्राची परिस्थिती अधिक बिकट दिसते : दाट झाडी, सह्याद्रीचे कडे, आंबोलीचा प्रसिद्ध पाऊस. परंतु आकाशाच्या हिशेबात हे केंद्र सुदैवी होते. आंबोली व कॅसलरॉक ही दोन्ही ठिकाणे पणजीपासून सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरवर आहेत. डोंगरांमुळे भूतरंग अडला तरी जवळजवळ सरळ वर जाऊन तसाच खाली येणारा तरंग दरीखोऱ्यांना जुमानत नाही. त्यासाठी आयनांबर मात्र बळकट हवे. आणि ते तसे होते. एप्रिल १९५४ च्या नीचांकानंतर सूर्य वेगाने चढणीला लागला होता, आणि १९५७-५८ मध्ये त्याने पद्धतशीर नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा उच्चांक गाठला. झाडांवरून ताणलेली ठेंगणी आडवी तारही अशा उभ्या प्रक्षेपणास सोयीची असते. १९४२ च्या केंद्राचे श्रोते दूर होते आणि सूर्य उतरत होता. १९५५ च्या केंद्राचे श्रोते जवळ होते आणि सूर्य चढत होता. भाषेची निवडही ह्याशी जुळणारी दिसते. पहिले केंद्र हिंदुस्थानी व इंग्रजीत साऱ्या देशाशी बोलले. दुसरे कोंकणी व पोर्तुगीज ह्या भाषांत, म्हणजे सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांशी.

८

ह्या विवेचनाचे तात्पर्य काँग्रेस रेडिओचे महत्त्व कमी करण्यात नाही. केंद्र चालविणाऱ्यांचे धैर्य आकाशाच्या साथीवर मोजावयाचे नसते. प्रतिकूल आकाशाखाली ते अधिकच उठून दिसते. परंतु पुराव्याची छाननी करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत : काय बोलले गेले आणि काय ऐकले गेले. प्रक्षेपणांची जी टिपणे पोलिसांनी मुंबई शहरातच घेतली असतील ती पहिल्या गोष्टीचा उत्तम पुरावा आहेत. दुसरीचा नाहीत, कारण शहर भूतरंगाच्या टापूत होते. तसेच 'मद्रासेस ऐकले' किंवा 'कलकत्त्यास ऐकले' अशा आठवणी खऱ्या मानल्या तरी त्यांवरून 'म्हणजे वाटेतल्या जिल्ह्यांनीही ऐकले असणारच' असे अनुमान काढता येत नाही. येथे वाट जमिनीवरून जातच नाही.

खानदेशच्या आंदोलनाच्या इतिहासावर ह्याचा परिणाम होतो. ऑक्टोबरनंतर नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात मुंबईची वार्ता पोहोचली असेल तर तिचे श्रेय बहुतांशी लोहमार्गाने आलेल्या प्रवाशाला, चक्रमुद्रित पत्रकाला, आठवड्याच्या बाजाराला आणि रात्री पायी चालणाऱ्या निरोप्याला द्यावे लागेल. नभोवाणीचे नाव मोठे असल्याने ह्या अनामिक वाहकांचे काम तिच्या खाती जमा होण्याचा धोका आहे. आणि ज्यांची नावे खटल्याच्या कागदांत आली नाहीत त्यांच्यावर तो दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल.

हा प्रश्न केवळ तर्कावर सोडण्याचे कारण नाही. आज भारतातील हौशी चालकांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येतो, आणि ७.०८ त्याच्या आतच आहे. पंचविसाव्या सौरचक्राचा उच्चांक २०२४ च्या सुमारास येऊन गेला. पुढील उतरणीच्या वर्षांत सूर्याची स्थिती १९४२ सारखी होईल. त्या वेळी २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर ह्या काळात परवानाधारक चालकांनी गिरगावच्या एखाद्या गच्चीवरून अल्पशक्तीचे संकेत सोडावेत, आणि विद्यार्थ्यांनी नवापूर, सातारा, चिमूर व कलकत्ता येथे उघड्यावर तार बांधून, सूर्यास्तापासून दर पंधरा मिनिटांनी काय ऐकू येते त्याची नोंद ठेवावी. इतिहास व भौतिकशास्त्र ह्या दोन विभागांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे. त्यास लागणारे साहित्य एका पिशवीत मावते. पण तो एक हंगाम हुकला, तर तसेच उतरते आकाश पुन्हा मिळण्यासाठी आणखी अकरा वर्षे थांबावे लागेल.